गेमपोर्टचा ड्रायव्हर: कार्ड मोजत नाही, मोजावं आपल्यालाच लागतं

पंधरा पिनांच्या जॉयस्टिक पोर्टसाठी, म्हणजे गेमपोर्टसाठी, ड्रायव्हर लिहायला बसलं की पहिला समज असा असतो की पत्ता वाचला की दांडा कुठे आहे त्याचा आकडा मिळेल. तसा आकडा त्या कार्डावर कुठेच नसतो. १९८१ साली आयबीएमने पीसीसाठी जे गेम कंट्रोल अ‍ॅडॉप्टर काढलं त्यात अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारी चिप नव्हती. होती ती ५५८ नावाची, चार टायमर एकत्र असलेली साधी चिप. पुढे साउंड कार्डांवर आणि मदरबोर्डांवर जे गेमपोर्ट आले त्यांतल्या बहुतेकांनी हीच वागणूक उचलली. त्यामुळे मोजमाप करणारं यंत्र म्हणजे ड्रायव्हर स्वतः. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचे सगळे निर्णय तिच्यातूनच निघतात.

आधी हार्डवेअर. दांड्याच्या प्रत्येक अक्षाला एक ० ते १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर असतो. त्याचं एक टोक ५ व्होल्टला, मधला पाय अक्षाच्या पिनेला, आणि तिसरं टोक मोकळं. म्हणजे तो व्होल्टेज विभागत नाही, नुसता बदलता रेझिस्टर म्हणून काम करतो. कार्डावर त्याच्यापुढे २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. पोर्टच्या पत्त्यावर, म्हणजे हेक्स २०१ वर, कोणताही बाइट लिहिला (यालाच ट्रिगर देणं म्हणतात) की चारही टायमर एकदम सुटतात आणि खालचे चार बिट १ होतात. ज्या अक्षाचा कपॅसिटर भरला त्याचा बिट ० होतो, म्हणजे पडतो. वरचे चार बिट बटणांचे. बटण दाबलं की ०, सोडलं की १, म्हणून वाचल्यावर ते उलटवून घ्यायचे.

वेळेचं सूत्र आयबीएमनेच दिलेलं आहे: २४.२ मायक्रोसेकंद अधिक ०.०११ गुणिले ओहम. रेझिस्टन्स शून्य असेल तर २४.२, दांडा मध्यावर म्हणजे ५० किलोओहमवर असेल तर ५७४.२, आणि पूर्ण १०० किलोओहमला ११२४.२ मायक्रोसेकंद. सगळी मोजपट्टी एवढीच, जेमतेम ११०० मायक्रोसेकंदांची. या पोर्टला इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवून हाक मारण्याची, लाइन नाही. बिट कधी पडला हे सांगायला कोणी येत नाही, आपणच पोर्ट पुन्हा पुन्हा वाचत त्याच्यावर नजर ठेवायची.

कोडला हात लावण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. जॉयस्टिक संगणकापासून सोडवून पिन १ आणि ३ मध्ये रेझिस्टन्स बघायचा (पहिला आडवा अक्ष), मग १ आणि ६ मध्ये (पहिला उभा अक्ष). दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला की आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर कार्बनचा पट्टा झिजलाय आणि ते दुखणं ड्रायव्हरने बरं होणार नाही. पिन २ आणि ४ मध्ये पहिलं बटण, ७ आणि ४ मध्ये दुसरं. दुसऱ्या जॉयस्टिकचे अक्ष ११ आणि १३ वर, बटणं १० आणि १४ वर. साउंड कार्डावर पिन १२ आणि १५ मिडीला (संगीताची वाद्यं जोडायच्या जोडणीला) दिलेल्या असतात, मूळ कार्डावर मात्र १२ ही ग्राउंड आणि १५ ही ५ व्होल्ट होती. जुन्या जॉयस्टिकच्या केबलमध्ये या पिना ग्राउंडला किंवा ५ व्होल्टला जोडलेल्या असतील तर मिडीची लाइन तिथे दबून बसते. आणि जॉयस्टिक जोडताना-काढताना संगणक बंदच ठेवावा, कारण हा पोर्ट चालू असताना जोडण्यासाठी बनवलेला नाही.

आम्ही लिनक्सवर काम करतो. तिथे कामाची विभागणी नीट केलेली आहे. पोर्टचा ड्रायव्हर वेगळा: त्याला फक्त ट्रिगर द्यायचा आणि बाइट वाचायचा एवढंच माहीत असतं. जॉयस्टिकचा ड्रायव्हर वेगळा: तो त्या बाइटांतून अक्ष काढतो. मधला गेमपोर्टचा थर दोघांची गाठ घालून देतो. नवीन कार्डासाठी बहुतेक वेळा पहिलाच भाग लिहावा लागतो आणि तो शंभर-दीडशे ओळींत उरकतो. पोर्टची रचना मागून घ्यायची, तिला नाव आणि पत्ता द्यायचा, नोंदणी करायची. पीसीआय (आयएसएनंतरच्या बसवरचं) साउंड कार्ड असेल तर त्याआधी चिपमधला गेमपोर्टचा बिट चालू करावा लागतो. ईएस१३७१ चिपमध्ये हेक्स २००, २०८, २१० आणि २१८ यांपैकी एक पत्ता निवडून तो चालू करायचा असतो. हे राहून गेलं तर वाचलेला प्रत्येक बाइट आठही बिट १ असा येतो, आणि तो अगदी 'जॉयस्टिक लावलेलीच नाही' असा दिसतो. या दोन अवस्थांत फरक ओळखता येत नाही म्हणून बराच वेळ चुकीच्या जागी शोधण्यात जातो. आधी चिपचं रजिस्टर परत वाचून बघावं, मग केबलकडे वळावं.

आयएसए (पीसीच्या जुन्या बसवरचं) कार्ड असेल तर पोर्ट आहे की नाही हे चाचपून ठरवावं लागतं. ही चाचणी तीन टप्प्यांची आहे. लिहिताना खालचे दोन बिट ० ठेवून बाइट लिहायचा आणि लगेच वाचायचं. ते दोन बिट १ आले नाहीत तर तिथे गेमपोर्ट नाही, दुसरंच काहीतरी रजिस्टर आहे. जुनं मूल्य परत ठेवून बाजूला व्हायचं. मग हजार वेळा वाचून बघायचं की निदान एखादा बिट तरी पडतो का. मग ३-४ मिलिसेकंद थांबून परत हजार वेळा वाचायचं, आता अक्षांचे बिट स्थिर असले पाहिजेत. दुसऱ्या टप्प्याचा एक परिणाम लक्षात ठेवायला हवा: जॉयस्टिक लावलेली नसेल तर कपॅसिटर कधीच भरत नाही, बिट पडत नाहीत, आणि पोर्ट चांगला असूनही 'सापडला नाही' असं उत्तर येतं. प्लग अँड प्ले कार्डाचा पत्ता थेट मिळतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

आता मुख्य काम, अक्ष मोजायचं. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असं लिहितात: ट्रिगर द्या, बिट ० होईपर्यंत फिरत राहा, किती फेऱ्या झाल्या ते मोजा. डॉसच्या काळातले कितीतरी खेळ असंच मोजायचे, आणि वेगवान प्रोसेसर आल्यावर त्यांचे फेऱ्यांचे आकडे त्यांच्या मर्यादेबाहेर गेले. म्हणूनच तर वेग जुळवायची खुंटी असलेली गेमपोर्ट कार्डं निघाली. फेऱ्या मोजू नयेत, वेळ मोजावी.

वेळ मोजणारा लूप जवळून बघू. इंटरप्ट बंद करायचे, ट्रिगर द्यायचा, लगेच घड्याळ वाचायचं, इंटरप्ट चालू करायचे. ट्रिगर आणि घड्याळ यांच्यामध्ये दुसरं काही शिरता कामा नये. शिरलं तर चारही अक्षांची सुरुवात सारख्याच प्रमाणात चुकते. मग लूप: इंटरप्ट बंद, पोर्ट वाचा, घड्याळ वाचा, इंटरप्ट चालू. मागच्या वाचनाशी एक्स्क्लुझिव्ह-ऑर करायचं, म्हणजे वेगळे झालेले बिट तेवढे उरतात. जे बिट बदलले ते आणि ती वेळ नोंदवून ठेवायची. दांडा मध्यावर असताना दोन्ही अक्षांची वेळ जवळजवळ सारखी असते, त्यामुळे एकाच वाचनात दोन बिट पडणं नेहमीचंच. 'बदललेला बिट कोणता' असं एकच उत्तर गृहीत धरणारा कोड इथे दुसरा अक्ष गमावतो, आणि तोही नेमका दांडा सोडलेला असताना. बदललेल्या बिटांचा अख्खा मास्क (कोणते बिट ते दाखवणारा बाइट) जपून ठेवावा आणि लूप संपल्यावर तो उलगडून प्रत्येक अक्षाला वेळ द्यावी. लूपच्या आत हिशेब करत बसलो तर प्रत्येक फेरी लांबते आणि मोजपट्टीवरच्या रेघा विरळ होतात.

आयएसए बसवर एक वाचन साधारण १ मायक्रोसेकंद घेतं. म्हणजे पूर्ण पल्ल्यात सुमारे ११०० पायऱ्या, १० बिटांच्या थोड्या वर. याहून बारीक काही हाताला लागणार नाही. घड्याळ नॅनोसेकंदात आकडा देतं म्हणून मोजमाप तेवढं बारीक झालं असं होत नाही.

घड्याळ कोणतं वापरायचं हा प्रश्न जुन्या यंत्रांवर खरोखर नडतो. प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर (त्याच्या घड्याळाचे ठोके मोजणारा) झटपट वाचता येतो, पण जुन्या प्रोसेसरांवर वीज वाचवण्यासाठी वेग बदलला की त्याची गतीही बदलते आणि मध्यावर सोडलेला दांडा एका बाजूला सरकलेला दिसतो. ८२५४ टायमर १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एक टिक ०.८३८ मायक्रोसेकंदाची. पण तो वाचायला आधी लॅचची (आकडा क्षणभर गोठवण्याची) आज्ञा द्यायची आणि मग दोन बाइट वाचायचे, असे बसवरचे तीन व्यवहार होतात. पोर्टचं वाचन धरून एक फेरी ४ मायक्रोसेकंदांवर जाते आणि ११०० पायऱ्यांच्या जागी २८० उरतात. शिवाय हा टायमर खाली मोजतो, त्यामुळे वजाबाकी उलटी करायची. आणि तो मोड ३ मध्ये लावलेला असेल तर प्रत्येक टिकला दोनने उतरतो. अक्षांचे आकडे नेमके दुप्पट येत असतील तर चूक जॉयस्टिकमध्ये शोधू नये, आधी टायमरचा मोड बघावा. आजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सरळ एकसुरी चालणारं कर्नलचंच घड्याळ वापरावं, कोणता काउंटर भरवशाचा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

इथून पुढे खरी कसोटी आहे. मोजमाप चालू असताना एखादा इंटरप्ट आला आणि त्याने १०० मायक्रोसेकंद खाल्ले, नेमका त्याच काळात बिट पडला, तर आपल्याला तो १०० मायक्रोसेकंद उशिरा दिसेल. सूत्र उलटं लावलं तर ही चूक सुमारे ९ किलोओहमची, म्हणजे दांड्याच्या पल्ल्याच्या ९ टक्क्यांची. खेळात विमान अचानक झटका खाऊन एका अंगाला जातं ते यामुळे.

यावर 'मग पूर्ण लूपभर इंटरप्ट बंदच ठेवू' हा उपाय लगेच सुचतो, आणि तो चुकीचा आहे. सिरियल पोर्ट ११५२०० बॉडवर चालू असेल तर सेकंदाला ११५२० बाइट येतात. त्या पोर्टच्या १६५५० चिपचा फिफो (आलेले बाइट तात्पुरते साठवायची जागा) १६ बाइटचा असतो आणि इंटरप्टची पातळी १४ वर ठेवली तर उरलेली जागा २ बाइटची, म्हणजे जवळपास १७४ मायक्रोसेकंदांची सवलत. आपण ११२४ मायक्रोसेकंद इंटरप्ट अडवून धरले की तिकडे बाइट गळणार. जॉयस्टिक छान चालते आणि मोडेम मधूनच चुका करतो, असा दोष मग भलत्याच ड्रायव्हरच्या नावावर लागतो. एवढं करूनही हमी मिळत नाहीच, कारण सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट बायोसचा असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमने इंटरप्ट बंद केले तरी तो येतोच.

योग्य उपाय असा की व्यत्यय होऊ द्यावा, पण तो ओळखावा. सुरुवातीला एक फेरी सरासरी किती वेळ घेते ते मोजून ठेवायचं. लूपमध्ये बिट बदललेला दिसला आणि त्या फेरीला नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ लागला असेल, तर ती नोंद धरायचीच नाही. त्या अक्षाला या खेपेला नवं मूल्य मिळत नाही, जुनंच राहतं. २० मिलिसेकंदांनी पुढची फेरी आहेच. एखादं मोजमाप हुकलं तर खेळणाऱ्याला कळत नाही, खोटं मोजमाप आलं तर लगेच जाणवतं. लिनक्सचा अ‍ॅनालॉग जॉयस्टिकचा ड्रायव्हर हेच करतो, आणि किती वाचनं झाली, त्यांतली किती फसली याची मोजणीही ठेवतो. मॉड्यूल (कर्नलमध्ये घातलेला ड्रायव्हर) काढताना ती टक्केवारीसकट कर्नलच्या लॉगमध्ये छापली जाते. आमच्या दृष्टीने या ड्रायव्हरचं आरोग्य सांगणारा याहून चांगला आकडा नाही.

लूप कधी थांबवायचा हेही नेमकं ठरवावं लागतं. न जोडलेल्या अक्षाचा बिट कायम १ राहतो, म्हणून 'सगळे बिट ० होईपर्यंत' असं लिहिलं तर लूप संपतच नाही. सुरुवातीलाच एकदा ट्रिगर देऊन ३ मिलिसेकंद थांबायचं आणि जे बिट १ चे ० झाले तेवढ्यांचाच मास्क करायचा. ही ओळखसुद्धा एका वाचनावर सोडू नये, काही वेळा पुन्हा करावी. मुख्य लूपला ३ मिलिसेकंदांची कमाल मर्यादा तरीही हवीच, कारण चालू असताना कोणी केबल उपसली तर मास्कमधला अक्षही परत येत नाही. याच मास्कमुळे चालू संगणकाला नंतर लावलेली जॉयस्टिक दिसत नाही, ड्रायव्हर काढून परत घालावा लागतो.

अजून एक सापळा वाय-केबलवर, म्हणजे एका पोर्टला दोन फाटे देणाऱ्या केबलवर, दोन जॉयस्टिक असताना सापडतो. फक्त पहिलीचे अक्ष वाचून झाले की बाहेर पडलो आणि लगेच पुन्हा ट्रिगर दिला, तर दुसरीचे टायमर अजून चालूच असतात आणि पुढच्या मोजमापात त्यांची वेळ कमी भरते. पुढचा ट्रिगर देण्याआधी चारही अक्ष शांत झालेत याची खात्री हवी.

हे सगळं किती वेळा करायचं? पोर्टचं पोलिंग कर्नलच्या टायमरमधून चालतं. दांडा टोकाला असताना एका मोजमापाला सुमारे १.१ मिलिसेकंद लागतो आणि तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काही करत नाही. दर १० मिलिसेकंदांनी मोजलं तर ११ टक्के वेळ गेला, दर २० ने साडेपाच टक्के. म्हणून बटणं दर १० ला आणि अक्ष दर २० ला वाचणं हा चांगला तोल आहे. बटणांना मोजमाप लागत नाही, एक वाचन पुरतं, आणि १० मिलिसेकंदांच्या अंतरामुळे बटणाच्या संपर्काची थरथर बहुतांशी आपोआप गाळली जाते. टायमरच्या फंक्शनमध्ये झोपता येत नाही हे नवीन लिहिणारे विसरतात. म्युटेक्स (मोकळं होईपर्यंत वाट बघायला लावणारं कुलूप) घेणं, मिलिसेकंदांची झोप, झोपू शकणारी मेमरीची मागणी, यातलं काहीही तिथे चालत नाही. आणि मॉड्यूल काढताना आधी पोलिंग थांबवायचं, मग पोर्ट बंद करायचा, मग मेमरी सोडायची. क्रम चुकला तर सोडलेल्या मेमरीवर टायमर एकदा तरी धावतो आणि कर्नल कोसळतो.

मिळालेली वेळ इनपुटच्या थराला देताना किमान आणि कमाल किती हे सांगावं लागतं. प्रत्येक कार्डाचा कपॅसिटर आणि प्रत्येक पोटेन्शिओमीटर थोडा वेगळा, त्यामुळे सूत्रातले आकडे तसेच कोडमध्ये कोरू नयेत. दांडा मध्यावर आहे असं धरून सुरुवातीचं वाचन घ्यायचं, त्याचा आठवा भाग हे किमान, आणि दुपटीतून तोच आठवा भाग वजा केला की कमाल. मध्याभोवती तेवढाच मृत पट्टा, म्हणजे जिथली हालचाल धरायची नाही तो भाग. ड्रायव्हर घालताना कोणी दांडा धरून ठेवला असेल तर हा अंदाज चुकतो, मग कॅलिब्रेशन करावं. गरम झाल्यावर कपॅसिटर थोडा सरकतो, तेवढं मृत पट्टा पोटात घेतो.

बटणं चारच, म्हणून उत्पादकांनी पळवाटा काढल्या. सीएच कंपनीच्या जॉयस्टिकवरची टोपी (दांड्याच्या माथ्यावरची दिशांची छोटी कळ) एकाच वेळी अनेक बटणं दाबल्यासारखं दाखवते. थ्रस्टमास्टरची टोपी चौथ्या अक्षावर ठरावीक रेझिस्टन्स लावते, म्हणून तो अक्ष पल्ल्यासारखा न वाचता ठरावीक पट्ट्यांत वाचायचा. मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडरसारख्या डिजिटल जॉयस्टिक तर ट्रिगरचा उपयोग हाक म्हणून करतात आणि बटणांच्या बिटांवरून पॅकेट पाठवतात, एका बिटावर घड्याळ, उरलेल्यांवर माहिती. तिथे वेळ मोजायची नसते, कडा गाठायच्या असतात, आणि एक कडा चुकली तरी अख्खं पॅकेट टाकावं लागतं. तो कोड अ‍ॅनालॉगच्या कोडात मिसळू नये, वेगळाच ठेवावा. काही पीसीआय चिप, उदाहरणार्थ ट्रायडेंटची ४डीवेव्ह, अक्ष स्वतःच मोजून तयार आकडा देतात. अशा चिपसाठी लिहिताना शिजवलेल्या (कुक्ड, म्हणजे तयार आकड्यांच्या) वाचनाचं फंक्शन द्यायचं आणि वरचा सगळा लूप विसरायचा.

चाचणीसाठी जॉयस्टिक वापरू नये. पंधरा पिनांचा मोकळा कनेक्टर घेऊन पिन १ आणि ३ मध्ये एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर आळीपाळीने लावावेत: १० किलोओहमला १३४.२, ४७ ला ५४१.२, १०० ला ११२४.२ मायक्रोसेकंद अपेक्षित. आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण तिन्ही एका सरळ रेषेत आले पाहिजेत. रेषेचा उतार ०.०११ ऐवजी ०.०१० आला तर कपॅसिटर दहाएक टक्क्यांनी कमी आहे, ड्रायव्हर ठीक आहे. उतार बरोबर पण तिन्ही आकडे सारखेच कमी आले तर ट्रिगर आणि घड्याळ यांच्यात काहीतरी शिरतंय. रेषाच वाकडी असेल तर लूपमध्ये चूक आहे. मग ४७ किलोओहमचा रेझिस्टर तसाच लावून ठेवायचा, यंत्रावर डिस्कचं आणि नेटवर्कचं काम जोरात चालू करायचं आणि ईव्हीटेस्टमध्ये (इनपुटचे आकडे दाखवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये) अक्षाचा आकडा तासभर बघायचा. तो दोन-तीन पायऱ्यांच्या आत राहिला, मॉड्यूल काढल्यावर लॉगमध्ये फसलेल्या वाचनांची टक्केवारी एक आकडी निघाली, की मग त्या पोर्टला खरी जॉयस्टिक लावावी. आभासी यंत्रात ही चाचणी करून काही उपयोग नाही: तिथे पोर्टचं प्रत्येक वाचन यजमान यंत्राकडे जाऊन येतं आणि फेरीची वेळच स्थिर राहत नाही.